‘कॉक्सकोम’ म्हणजे नुसता नटवा नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत ‘कॉक्सकोम’ (coxcomb) हा जुना इंग्रजी शब्द भेटला. कोशात ‘नटवा, छचोर, स्वतःवर खूष असलेला माणूस’ असा अर्थ मिळाला आणि तो तिथे बसलाही. पुढे ‘ऑथेल्लो’ वाचायला घेतलं, तर शेवटच्या अंकात एमिलिया खुद्द ऑथेल्लोला हाच शब्द फेकून मारते. ऑथेल्लो सेनापती, त्याची हयात छावण्यांत गेलेली. तो कसला नटवा? मग कोश चुकला, शेक्सपिअर चुकला, की आपलंच वाचन चुकलं?

कोणीच चुकलेलं नाही. त्या दोन पुस्तकांमध्ये दोनशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे आणि तेवढ्या काळात हा शब्द बराच फिरून आला आहे. पण एवढंच सांगितलं तर ते परीक्षेत दोन मार्कांपुरतं उत्तर होईल. इंग्रजी नाटक आणि कादंबरी शिकवताना हा शब्द मला सतत भेटत आला आहे. माझं मत असं झालं आहे की तो कोणाला लावला यापेक्षा कोणी लावला, हे आधी बघावं. नाहीतर अर्धा अर्थ हातातून निसटतो.

सुरुवात कोंबड्यापासून करावी लागते. कॉक्सकोम म्हणजे कोंबड्याचा तुरा. बागेतल्या ज्या लाल मखमली फुलाला आपण कोंबडा म्हणतो, त्याला इंग्रजीतही हेच नाव आहे. राजेरजवाड्यांच्या पदरी जे विदूषक असत, त्यांच्या टोपीवर असा लाल तुरा शिवलेला असे, म्हणून त्या टोपीलाच कॉक्सकोम म्हणू लागले. शेक्सपिअरच्या काळात हा अर्थ जिवंत होता. ‘किंग लिअर’च्या पहिल्या अंकात विदूषक पहिल्यांदा रंगमंचावर येतो, तोच ही टोपी पुढे करत. वेष पालटून लिअरच्या चाकरीत शिरलेल्या केंटला तो म्हणतो, घे, ही माझी टोपी घाल. का, तर ज्याच्यावरची मर्जी उठली त्याची बाजू तू घेतोयस, आणि या म्हाताऱ्याच्या मागे जायचं तर हीच टोपी घालावी लागेल. मग लिअरकडे वळून म्हणतो, मला दोन मुली आणि दोन टोप्या असत्या तर बरं झालं असतं. का रे पोरा? सगळी इस्टेट मुलींना देऊन टाकली असती तरी टोप्या मात्र स्वतःकडे ठेवल्या असत्या. ही घे माझी, दुसरी तुझ्या मुलींकडे मागून बघ.

या प्रवेशात कपड्यांच्या हौसेचा मागमूस नाही. राजाचा मुकुट गेला आहे आणि त्या जागी कोणती टोपी शोभेल, ते त्याचाच नोकर त्याला तोंडावर सांगतो आहे. इस्टेट वाटून मोकळा झालेला बाप आपल्याकडच्या वाचकाला नवा नाही, त्यामुळे वर्गात हा प्रवेश फारसा समजावून सांगावा लागत नाही.

टोपी डोक्यावर असते, म्हणून पुढे थट्टेने डोक्यालाही कॉक्सकोम म्हणू लागले. आपण ‘टाळकं’ म्हणतो तसंच. ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये सर अँड्र्यू रडत येतो की माझं डोकं फोडलं आणि सर टोबीचंही कॉक्सकोम रक्तबंबाळ केलं. थोड्याच वेळात तोच सर टोबी या बिचाऱ्या अँड्र्यूला गाढव, कॉक्सकोम, लुच्चा अशी शिव्यांची माळ घालतो. म्हणजे एकाच प्रवेशात एकदा टाळकं आणि एकदा मूर्ख.

‘हेन्री द फिफ्थ’मधला वेल्श कॅप्टन फ्लुएलन तर माझा विशेष लाडका. लढाईच्या आदल्या रात्री तो सोबत्याला हळू बोलायला सांगतो. सोबती म्हणतो, अहो, शत्रूचा तर रात्रभर गोंगाट चालू आहे. त्यावर फ्लुएलन विचारतो, शत्रू गाढव, मूर्ख आणि बडबड्या कॉक्सकोम असला, म्हणून आपणही गाढव, मूर्ख आणि बडबडे कॉक्सकोम व्हायचं की काय? पुढे हाच फ्लुएलन आपल्या टोपीतली कांद्याची पात पिस्टल नावाच्या बढाईखोर शिपायाला मारून मारून खायला लावतो आणि वर सल्ला देतो की सालं टाकू नकोस, फुटलेल्या कॉक्सकोमवर लावायला बरी.

आता एमिलिया. ऑथेल्लोने बायकोवर, डेस्डेमोनावर, संशय घेऊन तिचा जीव घेतला आहे, आणि त्या संशयाचा पुरावा ठरलेल्या रुमालाची गोष्ट बाहेर येते. तो रुमाल आपणच उचलून नवऱ्याला, इयागोला, दिला होता, हे तिला आठवतं आणि सगळा डाव तिच्यापुढे उघडा पडतो. त्या क्षणी ती म्हणते, ‘ओ मर्डरस कॉक्सकोम!’ आणि लगेच पुढे, असल्या मूर्खाला एवढी चांगली बायको हवीच कशाला? दुसऱ्या वाक्यातच पहिल्याचा अर्थ आहे. इथे कॉक्सकोम म्हणजे मूर्ख, विदूषकाच्या टोपीचा धनी. म्हणून ऑस्टिनच्या काळचा ‘नटवा’ इथे आणून चिकटवू नका. तिथे वाचन खरोखरच घसरतं.

पण बोलते कोण ते बघा. एमिलिया ही डेस्डेमोनाची सोबतीण आणि ऑथेल्लोच्या हाताखालच्या माणसाची बायको. समोरचा सेनापती नुकताच खून करून उभा आहे आणि तलवार त्याच्या आवाक्यात आहे. अशा वेळी ती त्याला राक्षस म्हणत नाही असं नाही, सैतान वगैरे आधी म्हणून झालेलं आहे. शेवटी मात्र ती त्याला दरबारी विदूषकाची टोपी घालते. राक्षस म्हटल्याने माणूस भयंकर होतो, निदान मोठा तरी राहतो. मूर्ख म्हटल्यावर काहीच उरत नाही. पुढच्या काही ओळींतच तिच्या नवऱ्याचा सुरा तिला लागतो. कवी आणि समीक्षक टी. एस. एलियटने 1927 साली ऑथेल्लोच्या अखेरच्या भाषणावर लिहिताना म्हटलं की हा माणूस तिथे स्वतःलाच धीर देतो आहे, स्वतःचं नाटक करतो आहे. हे मान्य केलं तर ऑथेल्लोत पुढच्या काळातला, स्वतःच्या प्रतिमेवर लुब्ध असलेला कॉक्सकोमही थोडा दिसू लागतो. सगळ्यांना हे पटत नाही. मला अर्धंच पटतं, आणि तेही एमिलियाच्या तोंडी घालायला मी तयार नाही.

हा शब्द कपड्यांकडे वळला तो प्रामुख्याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1642 मध्ये बंद झालेली लंडनची नाटकघरं 1660 मध्ये दुसरा चार्ल्स परतल्यावर पुन्हा उघडली आणि राजाबरोबर फ्रान्सची फॅशनही आली. 1676 मधल्या जॉर्ज एथरिजच्या ‘द मॅन ऑफ मोड’मध्ये सर फॉपलिंग फ्लटर हा पॅरिसहून परतलेला गडी आहे. त्याला कपड्यांबद्दल विचारावं, की त्याने दुकानांची नावं फेकावीत. सूट? बारोय. विग? शेद्रू. हातमोजे? ऑरेंजरी, वास ओळखलात ना? ब्रँडची नावं घेत बोलणारी माणसं आजच्या लग्नातही भेटतात, म्हणून हा प्रवेश अजून हसवतो.

पण खरी गंमत पहिल्या अंकात आहे, जिथे फॉपलिंग अजून आलेलाही नाही. नाटकाचा नायक डोरिमंट आणि त्याचा मित्र मेडली त्याच्याबद्दल बोलताहेत. मेडली म्हणतो की इतक्या वरच्या दर्जाचा कॉक्सकोम झाल्याबद्दल त्याने आपल्या शिक्षणाचे आभार मानले पाहिजेत. आईबापांनी शहाणपणाने विद्या आणि संस्कार दिले नसते, तर कितीतरी मूर्खांना जग मुकलं असतं. आणि हे चाललेलं असताना डोरिमंट काय करतोय? नटतोय. नोकर त्याचे कपडे चापूनचोपून बसवतोय. एकीकडे डोरिमंट कुरकुरतो की माणसाची थोरवी फितीच्या गाठीत असावी हे काय, आणि दुसरीकडे सांगतो की मला चांगले कपडे आवडतात, त्याने माझ्या बुद्धीला बट्टा लागत नाही. नाटककाराने हे मुद्दाम असं मांडलं आहे. डोरिमंट आणि फॉपलिंग यांच्या कपड्यांत फार फरक नाही. एकाची मेहनत लपते, दुसऱ्याची दिसते, आणि ज्याची दिसते तो कॉक्सकोम. हा निवाडा करणाराही आरशासमोरच उभा आहे.

वीस वर्षांनी, 1696 मध्ये, व्हॅनब्रच्या ‘द रिलॅप्स’मध्ये लॉर्ड फॉपिंग्टन आला. तो शिंप्यावर खेकसतो की कोटाचा खिसा फार वर झालाय. शिंपी म्हणतो, सरकार, आणखी खाली घेतला असता तर हातरुमाल मावला नसता. चुलीत गेला हातरुमाल, तो घेऊन फिरायला माझ्याकडे पोऱ्या नाही का? पुस्तकांबद्दलही त्याचं ठाम मत आहे. पुस्तकाच्या आत बघायचं म्हणजे दुसऱ्याच्या मेंदूतून बळेच काढलेल्या पिकावर करमणूक करायची. खानदानी माणसाने आपल्याच डोक्यात आपोआप उगवलेल्या कोंबांवर खूष असावं. आता हे बोलणारा मूर्ख आहे का? वाक्य तर फर्मास आहे. कॉक्सकोम हा नुसता बावळट नाही, तो बोलायला चतुर असतो. चातुर्य सगळं स्वतःला मिरवण्यात खर्ची पडतं, एवढंच.

कवी अलेक्झांडर पोपने मेडलीचीच कल्पना 1711 मधल्या ‘एसे ऑन क्रिटिसिझम’मध्ये एका ओळीत आवळली. काही माणसं पोथ्यापंडितांच्या चक्रव्यूहात वाट चुकतात, आणि काहींना निसर्गाने फक्त मूर्ख करायचं ठरवलेलं असताना ती कॉक्सकोम होऊन बसतात. मूर्ख जन्माला येतो, कॉक्सकोम तयार करावा लागतो. पोप इथे कपड्यांबद्दल बोलतच नाही, त्याच्यापुढे टीकाकार आहेत. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात डोक्याचा माथा आणि विदूषकाचा तुरा हे जुने अर्थ दिले, आणि नंतर फॅशनबाज माणूस व ज्ञानाचा किंवा कलागुणांचा वरवरचा आव आणणारा हा अर्थ दिला. तुमच्या कोशातून नेमका हा उत्तरार्ध गळलेला दिसतो. मराठीत याला फार चांगला शब्द आहे, दीडशहाणा.

जाता जाता ‘स्पेक्टेटर’ या लंडनच्या नियतकालिकाचा 275 वा अंक जरूर वाचा, जानेवारी 1712 चा. ॲडिसनने त्यात अशाच एका छैलछबील्याच्या डोक्याचं शवविच्छेदन केलंय. मेंदू म्हणून जे होतं तो मेंदू नव्हेच, मेंदूसारखं काहीतरी. त्याला अत्तराचा आणि संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास. एका पोकळीत फिती, लेस आणि भरतकाम खच्चून भरलेलं. कपाळाच्या कातडीत रक्तवाहिन्या सापडेनात, त्यावरून निष्कर्ष निघाला की जिवंतपणी हा गृहस्थ लाजू शकत नसावा. डोळे मारायचे स्नायू झिजलेले आणि वर आभाळाकडे बघायचा स्नायू कोरा करकरीत. एका प्रतिष्ठित नागरिकाच्या बायकोशी सलगी करताना नवऱ्याने फावडं घातलं, त्यात याचा अंत झाला होता.

ऑस्टिनकडे आल्यावर मात्र सावकाश वाचावं लागतं, कारण ती लेखिका म्हणून शिक्का फार क्वचित मारते. तो ती पात्राच्या हाती देते. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ (1811) मध्ये लुसी स्टील ही गरीब, धूर्त मुलगी एडवर्ड फेरार्सशी गुपचूप वाङ्‌निश्चय करून बसली आहे. कादंबरीची नायिका एलिनर तिला विचारते, एडवर्डच्या भावाला, रॉबर्टला, ओळखतेस का? लुसी म्हणते, छे, कधी पाहिलेलंही नाही, पण मला वाटतं तो अगदी वेगळा असणार, बिनडोक आणि मोठा कॉक्सकोम. नेमका त्याच क्षणी पियानो थांबतो, आणि लुसीच्या बहिणीच्या कानावर तेवढेच दोन शब्द पडतात. ती आनंदाने ओरडते की या नक्की आपल्या आवडत्या तरुणांबद्दल बोलताहेत!

पुढे रॉबर्ट लंडनमधल्या एका सराफाच्या दुकानात दिसतो. एलिनर आपली पाळी यायची वाट बघत ताटकळते आहे आणि हे महाशय दात कोरायच्या काड्यांची डबी बनवून घेताहेत. दुकानातली एकेक डबी पाव पाव तास निरखून, हस्तिदंत, सोनं, मोती यांची चर्चा करून ऑर्डर दिली जाते. हा माणूस कोण ते तेव्हा एलिनरला माहीत नसतं. नंतर एका मेजवानीत ओळख होते, तो मान मुरडून लवतो आणि तिला कळतं की लुसीने वर्णन केलेला कॉक्सकोम तो हाच.

म्हणजे लुसीचं बरोबर निघालं. पण कादंबरीच्या शेवटी आईने इस्टेट एडवर्डऐवजी रॉबर्टच्या नावे केल्यावर लुसी लग्न कोणाशी करते? याच कॉक्सकोमशी. तिचा शब्द खरा ठरला आणि इस्टेटीपुढे तिने तो अडथळा मानला नाही. रॉबर्टची फुशारकी तर डबीच्या प्रसंगातच दिसली होती. लुसीची किंमत कळायला तो न पाहिलेल्या माणसावर फेकलेला शब्द लक्षात ठेवावा लागतो.

‘एमा’मध्ये हेच अधिक नाजूकपणे येतं. फ्रँक चर्चिल हा तरुण अजून गावात आलेला नाही, तोच एमाचा शेजारी नाइटली तापतो. म्हणतो, बोलण्यासारखा निघाला तर ओळख करून घेईन, पण नुसता बडबड्या कॉक्सकोम असला तर माझ्या वेळाला आणि विचारांना त्याचा फार उपद्रव होणार नाही. एरवी तोलून मापून बोलणारा हा गृहस्थ न पाहिलेल्या पोराबद्दल एवढं बोलतो. का, ते त्याला स्वतःलाही कळलेलं नाही, आणि वाचकाला कळतं की तो एमाच्या प्रेमात आहे. मग फ्रँक येतो आणि केवळ केस कापायला सोळा मैलांवरच्या लंडनला जाऊन येतो. एमालाही त्यात छचोरपणा वाटतो. नाइटली वर्तमानपत्रामागून पुटपुटतो की वाटलंच होतं. प्रत्यक्षात फ्रँक लंडनला गेला होता, जिच्याशी त्याचं लग्न गुपचूप ठरलं होतं त्या जेन फेअरफॅक्ससाठी पियानो घ्यायला! केस कापणं हे सोंग. गावाने आपल्याला नटवा समजावं हे त्याच्या पथ्यावर पडलं. पुन्हा वाचताना लक्षात येतं की कॉक्सकोम ठरण्याइतकं सुरक्षित वेषांतर दुसरं नाही, कारण त्यामागे काही असेल असा कोणाला संशयच येत नाही.

या शब्दाची शेवटची मोठी हजेरी लागली कोर्टात. 1877 च्या जुलैमध्ये कलासमीक्षक जॉन रस्किनने आपल्या ‘फोर्स क्लॅव्हिजेरा’ या पत्रमालेत चित्रकार व्हिस्लरबद्दल लिहिलं की लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकण्याबद्दल एखादा कॉक्सकोम दोनशे गिनी मागेल अशी कल्पना नव्हती. चित्र होतं अंधारात विझत पडणाऱ्या आतषबाजीचं, ‘नॉक्टर्न इन ब्लॅक अँड गोल्ड’. व्हिस्लरने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला आणि नोव्हेंबर 1878 मध्ये खटला उभा राहिला. दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी का, असं विचारल्यावर, नाही, आयुष्यभराच्या ज्ञानाचे, हे व्हिस्लरचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. त्यामानाने रस्किनचा वकील जॉन होल्कर काय म्हणाला ते कोणी सांगत नाही. त्याने ज्यूरीला चक्क शब्दाचं मूळ सांगितलं. कॉक्सकोम म्हणजे कोंबड्याच्या तुऱ्याची टोपी घालून मालकाच्या घरी विनोद करत हिंडणारा परवानाधारक विदूषक. व्हिस्लरसाहेबांच्या चित्रांनी लोकांची करमणूक केलीच आहे, मग तक्रार कसली?

दोनशे वर्षांचा अर्थ बाजूला सारून वकिलाने लिअरच्या विदूषकाची टोपी बाहेर काढली, कारण अशिलाला तीच सोयीची होती. निकाल व्हिस्लरच्या बाजूने लागला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खर्चाच्या ओझ्याने पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं. इथेही बोलणाऱ्याकडे बघावं. साठीला टेकलेला, उभं आयुष्य चित्रकारांना मेहनतीचा आणि तपशिलाचा धडा दिलेला समीक्षक एका झटक्यात रंगवलेल्या धुराकडे बघतो आहे. व्हिस्लर एका डोळ्याचा चष्मा, लांब काठी आणि पांढरी बट मिरवत फिरायचा, त्यामुळे शब्द त्याच्या कपड्यांनाही लागू पडला. रस्किनचा राग मात्र जॉन्सनच्या कोशातल्या अर्थावरचा होता, कलेचा आव आणणाऱ्यावरचा. त्याचं म्हणणं काळाने खोटं ठरवलं, ही गोष्ट वेगळी. ते चित्र आज डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे.

राहिला भाषांतराचा प्रश्न, कारण तुम्ही मराठीतून टिपणं काढताय असं दिसतं. एकच मराठी शब्द सगळीकडे लावू नका. लिअरमध्ये ‘विदूषकाची टोपी’ म्हणा, फ्लुएलनच्या कांद्याच्या पातीपाशी ‘टाळकं’. एमिलियाला ‘खुनी मूर्खा’ पुरे, तिथे अलंकार नको. फॉपलिंग आणि रॉबर्ट फेरार्ससाठी ‘नटवा’ चालेल, पण लुसीच्या तोंडी मी ‘भलता शिष्ट’ घालेन. मराठी घरांत हा शब्द जसा नाक मुरडून वापरतात, तसाच तिचा सूर आहे. रस्किनसाठी दीडशहाणा. ‘फाकडा’ मात्र टाळा. कोशात त्याचा अर्थ ऐटबाज असा जवळचा वाटेल, पण मराठीत त्याची हवा कौतुकाची आहे. 1779 च्या जानेवारीत कार्ल्यापाशी पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टला शत्रू असूनही मराठ्यांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं, मानाजी शिंद्यांना ‘फाकडे’ म्हणायचे त्याच चालीवर. कॉक्सकोम म्हणून कोणी कोणाचं कौतुक केल्याचं माझ्या वाचनात नाही.